चेन सॉ, गोल कानस आणि आमचे खाजगी जंगल : एका हंगामानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या पेट्रोलवरच्या चेन सॉने, म्हणजे झाडे कापायच्या साखळी करवतीने, आता एक पूर्ण हंगाम आणि एक पावसाळा पाहिला आहे. इंजिन ४५ सीसीच्या वर्गातले, साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी १८ इंची आणि साखळी ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) आहे. बाकीचा तपशील घेणाऱ्यांना ठाऊक असतोच. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे लिहायचे आहे ते या वर्गातील बहुतेक यंत्रांना लागू पडते. पाऊस उघडल्यावर यंत्र सुरू होईना, आणि त्यानंतर सेवा केंद्रात जे घडले त्यामुळे हे लिहायला घेतले आहे.

आधी काम कोणते ते सांगितले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतांश जंगल खाजगी मालकीचे आहे आणि आमचा संगमेश्वर तालुक्यातला डोंगरउताराचा तुकडाही त्यातलाच आहे. वरच्या अंगाला ऐन, किंजळ आणि थोडा साग, मधल्या पट्ट्यात वडिलांनी लावलेला आकेशिया आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने माणग्याची, म्हणजे कोकणातल्या एका बांबूची, बेटे, असा तो आहे. आमच्या भागात अशा जंगलाची वहिवाट ठरलेली असते. काही वर्षांनी ठेकेदार येतो, उभा माल एकगठ्ठा ठरवतो आणि सरसकट तोडून नेतो. मालकाच्या हातात एकरकमी पैसे येतात आणि उतारावरची माती पुढच्या पावसात खाली जाते. विरळणी करावी, म्हणजे वाकडी, किडलेली आणि दाटीत कोंडलेली झाडे काढून चांगल्यांना जागा द्यावी, असे वर्षानुवर्षे वाटत होते. परंतु कुऱ्हाडीने निवडक तोड करायची तर मजुरीच मालाच्या किमतीवर जात असे, आणि ठेकेदार निवडक तोडीला हात लावत नाही.

हे गणित यंत्राने बदलले, आणि त्याबद्दल माझ्या मनात निखळ समाधान आहे. दोन माणसे, एक चेन सॉ आणि ओंडके ओढायला एक हातचा चेन पुली ब्लॉक एवढ्यावर आकेशियाचा निम्म्याहून अधिक पट्टा एका हंगामात विरळ झाला. ऐन, किंजळ आणि साग ही तिन्ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत असल्यामुळे त्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही, म्हणून सुरुवात आकेशियापासून आणि माणग्यापासून केली. पडण्याच्या दिशेला आधी खाच घ्यावी, मग मागून कापत यावे आणि मध्ये बिजागरीसारखी लाकडाची अखंड पट्टी सोडावी, ही पद्धत नीट पाळली तर झाड ठरवलेल्या जागी पडते आणि शेजारच्या किंजळाची फांदीसुद्धा मोडत नाही. साखळीचा ब्रेक खात्रीचा आहे. हाताला बसणारी थरथर सोसण्याजोगी आहे. वजनाची तक्रार पुष्कळ जण करतात. मला ती तितकीशी पटत नाही.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ती म्हणजे गोल कानस. तीस हजारांच्या घरातले यंत्र घेतले, खोक्यात पाना आला, पट्टीचे आवरण आले, चार भाषांतली पुस्तिका आली, आणि साखळी पाजळण्याची कानस मात्र आली नाही. ०.३२५ पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. विक्रेत्याने ५.२ ची दिली आणि "चालते, सगळे हीच नेतात" असे सांगितले. ती चालत नाही. जाड कानस दातावर उंच बसते, त्यामुळे दाताचा वरचा कोपरा आत वळण्याऐवजी बोथट उभा राहतो आणि साखळी लाकडात शिरण्याऐवजी त्याच्यावरून घासत जाते. बुंध्याखाली काय पडते ते पाहिले की हे लगेच कळते : साखळीला धार असेल तर जाडसर, लांबट चिपा पडतात, आणि धार गेली असेल तर पिठासारखा बारीक भुसा उडतो, पट्टी तापते, कामगार यंत्र दाबू लागतो आणि इंजिनावर नाहक ताण येतो.

आमच्या जमिनीत हा प्रश्न दुप्पट तीव्र होतो. जांभ्यावरून ओढलेल्या ओंडक्याच्या सालीत खडे रुतलेले असतात आणि एक खडा लागला तरी सकाळची धार दुपारी उरत नाही. माणग्याच्या पाठीत सिलिका असते, त्यामुळे बांबू तोडताना साखळी लाकडापेक्षा लवकर बोथट होते. म्हणून प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना प्रत्येक दाताला दोन-तीन हात द्यावेत, दातावर कोरलेल्या रेषेप्रमाणे ३० अंशांचा कोन राखावा आणि चार-पाच पाजळण्यांनंतर दातापुढची खोली ठरवणारी गाठ सपाट कानशीने उतरवून ०.६५ मिलिमीटरवर आणावी, एवढे केले की हेच यंत्र वेगळे वाटते. योग्य मापाची कानस आणि तिचा मार्गदर्शक साचा मला शेवटी कोल्हापुरातून मागवावा लागला. दोन-तीनशे रुपयांची वस्तू खोक्यात न घालणाऱ्या कंपनीने खोक्यावर व्यावसायिक वापराचा दावा छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साखळीच्या तेलाबद्दल थोडक्यात. आमच्याकडे सर्रास गाडीचे जळके ऑइल घालतात. त्यातली धातूची कीस तेलाचा पंप खाते आणि उडणारे थेंब पानगळीत मुरून शेवटी व्हाळात उतरतात. त्याच व्हाळाचे पाणी खालची वाडी पिते. चांगले तेल महाग पडते, परंतु इथे काटकसर करण्याची माझी तयारी नाही.

आता बिघाडाकडे येतो. पावसाळ्यापूर्वी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे टाकी रिकामी केली आणि आतले पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवले. मिश्रण नेहमी १:५० चेच, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, ताजे करून वापरलेले होते. तरीही पाऊस उघडल्यावर दोरी ओढून हात दुखले, यंत्राने एकदोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झाले. सेवा केंद्राने न उघडताच निदान केले : कार्बोरेटर पूर्ण बदलावा लागेल, आणि पंपावरचे साधे पेट्रोल वापरल्यामुळे हमी लागू होणार नाही. आज पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे, ते हवेतली आर्द्रता ओढते आणि रबरी भागांना त्रास देते, हे खरे आहे. परंतु इथेनॉल नसलेले पेट्रोल तालुक्यात कुठे मिळते, या माझ्या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. जे इंधन देशभर विकले जाते त्यावर चालणार नसेल, तर ते यंत्र विकताना तसे लेखी सांगितले पाहिजे. फोन, ईमेल आणि लेखी तक्रार यांत कोकणातल्या कोरड्या हंगामाचे मोलाचे आठवडे गेले.

या टप्प्यावर मी यंत्राला पाचपैकी दोन गुण देणार होतो. नंतर देवरुखातल्या एका मिस्त्रींकडे, जे मुख्यतः ग्रासकटर आणि फवारणी पंप दुरुस्त करतात, यंत्र नेले. त्यांनी माझ्यासमोर कार्बोरेटर उघडला आणि आतला डायफ्रॅम बोटावर ठेवून दाखवला. कापडासारखा लवचीक असायला हवा होता तो पडदा सुकून कडक झाला होता आणि कडेला किंचित वळला होता. डायफ्रॅमचा संच बदलला, जाळी साफ केली, स्क्रू जागेवर आणले आणि यंत्र तिसऱ्या ओढीला सुरू झाले. पूर्ण कार्बोरेटरच्या सांगितलेल्या किमतीच्या मानाने खर्च नगण्य होता. त्यामुळे यंत्राबद्दलचे माझे मत पुन्हा वर गेले आहे : इंजिनाला चार गुण, विक्रीनंतरच्या सेवेला एक.

याच अनुभवातून सरकारी मदतीविषयीही लिहावेसे वाटते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून आहे, अल्पभूधारकांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते आणि आमच्या शेजाऱ्यांनी त्यातून ब्रश कटर घेतला. बेणणीला तो फार उपयोगी पडतो. परंतु अनुदान खरेदीच्या दिवशी संपते. लहान जंगल सांभाळणाऱ्याला त्यानंतर साखळी पाजळायला शिकवणारा माणूस, सुटे भाग असलेले दुकान आणि विरळणीत निघालेल्या बारीक मालाला गिऱ्हाईक लागते. बांबूच्या बाबतीत चित्र बरे आहे. २०१७ मध्ये वनेतर जमिनीवरचा बांबू भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, आणि कुडाळला २००४ पासून काम करणाऱ्या कोनबॅकसारख्या संस्थेने माणग्यापासून फर्निचर आणि घरे उभारून दाखवली. आकेशियाच्या पातळ सोटांना मात्र आजही जळाऊ लाकडाचाच भाव येतो. चार वाड्यांनी मिळून अवजारे बँक, म्हणजे सगळ्यांना वापरायला सामाईक अवजारे ठेवणारी सोय, काढावी, तिच्यात चेन सॉबरोबर एक शिकलेला चालक, शिरस्त्राण आणि पायांचे संरक्षक कपडे असावेत आणि तिने माल एकत्र करून विकावा, अशी मदत मिळाली तर एकगठ्ठा तोडीला नकार देणे पुष्कळ मालकांना परवडेल.

यंत्र घ्यायचे ठरले असेल तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला तीन वस्तू काउंटरवर ठेवायला सांगा : आपल्या साखळीच्या मापाची गोल कानस, कार्बोरेटरच्या डायफ्रॅमचा संच आणि एक जादा साखळी. यांपैकी एकही वस्तू "मागवून देतो" असे उत्तर आले, तर तेच यंत्र दुसऱ्या दुकानातून घ्यावे, मग ते हजार रुपयांनी महाग पडले तरी चालेल.