विम्यासाठी ‘सायकलिंग यूके’चं सभासदत्व घ्यावं का? जवळजवळ वर्षभर वापरल्यानंतर

इथे इंग्लंडमधल्या गणेशोत्सवात, व्हॉट्सॲप ग्रुपवर, कामावर, सगळीकडे मला हाच प्रश्न येतो: ‘तू ते सायकलवाल्यांचं सभासदत्व घेतलंयस ना, त्यात विमा मिळतो म्हणे. घ्यावं का?’ ते म्हणजे ‘सायकलिंग यूके’ या ब्रिटनमधल्या सायकलस्वारांच्या संघटनेचं सभासदत्व. नूतनीकरणाची ईमेल आलीच आहे, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी उत्तर देते. तुम्ही इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहत असाल, घरसामानाचा विमा काढलेला नसेल आणि आठवड्यातले चार-पाच दिवस रस्त्यावर सायकल चालवत असाल, तर जरूर घ्या. घरसामानाचा विमा असेल, तर आधी ते कागद बाहेर काढा. निव्वळ नुकसानभरपाईच्या संरक्षणासाठी कदाचित हे वेगळे पैसे भरावेच लागणार नाहीत. आणि सायकल चोरीला गेली तर पैसे मिळतील म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका. त्यासाठी हे नाहीच.

संस्था जुनी आहे. १८७८ साली हॅरोगेटला ‘बायसिकल टूरिंग क्लब’ म्हणून सुरू झाली, १८८३ मध्ये ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाली, आणि २०१६ पासून ‘सायकलिंग यूके’ या नावाने ओळखली जाते. आमच्या भागातली साठी-सत्तरीची मंडळी आजही तिला ‘सीटीसी’च म्हणतात. एका माणसाची वर्गणी वर्षाला साधारण ५० पौंडांच्या घरात जाते, म्हणजे आपले पाच-सहा हजार रुपये. एका पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबासाठी वेगळी वर्गणी आहे, आणि दोघंही सायकल चालवत असतील तर ती परवडते. या वर्गणीतच एक कोटी पौंडांपर्यंतचा थर्ड पार्टी विमा येतो.

थर्ड पार्टी म्हणजे काय हे आपल्याकडे स्कूटर घेतलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर ती भरपाई विमा कंपनी देते. भारतात मोटार वाहनाला हा विमा सक्तीचा आहे, सायकलला नाही. ब्रिटनमध्येही सायकलला सक्ती नाही. ती करावी अशी मागणी मात्र मधूनमधून डोकं वर काढते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनीच सायकलींना नंबरप्लेट आणि विम्याचा विषय काढला होता. मग टीका झाली आणि नंबरप्लेटचा असा काही बेत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

सक्ती नसताना पैसे का भरायचे? मला पटवलं ते लंडनमधल्या एका खटल्याने. २०१५ मध्ये लंडन ब्रिजजवळ एक सायकलस्वार हिरव्या सिग्नलवर पुढे निघाला. फोनमध्ये बघत रस्ता ओलांडणारी एक बाई मध्ये आली आणि दोघंही पडले. २०१९ मध्ये निकाल लागला: चूक दोघांचीही, अर्धी-अर्धी. समोरचा माणूस अनपेक्षित वागू शकतो हे धरूनच सायकलस्वाराने तयारीत असायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं. भरपाई ठरली चार हजार पौंडांच्या थोडी वर. पण वकिलांचा आणि खटल्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. त्या माणसाकडे विमा नव्हता आणि त्याने स्वतःचा उलट दावाही केला नव्हता. सायकलप्रेमींनी वर्गणी काढून त्याला मदत केली. ही बातमी वाचताना एक कोटी पौंडांचा आकडा मला तेवढा महत्त्वाचा वाटला नाही. ‘तुमच्यावर दावा आलाय’ असं पत्र दारात पडलं की ते उघडून वाचणारा आणि त्याला उत्तर देणारा कुणीतरी आपल्या बाजूने असावा, ही खरी गरज वाटली.

तसं पत्र मलाही आलं, म्हणून हे लिहिताना ऐकीव माहितीवर विसंबावं लागत नाही. मी रेडिंगला हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि सायकलनेच ये-जा करते. ऑक्सफर्ड रोड हा आमच्याकडचा गजबजलेला रस्ता: दोन्ही बाजूंना दुकानं, कडेला उभ्या गाड्या, मागे बस. दोन गाड्यांच्या फटीतून एक मुलगा एकदम रस्त्यावर आला. त्याला वाचवताना माझ्या हँडलचं टोक एका उभ्या गाडीच्या आरशाला घासलं. आरसा आत दुमडला, काच शाबूत होती, बाहेरच्या काळ्या प्लॅस्टिकवर बोटभर ओरखडा. गाडीची मालकीण समोरच्या दुकानातून आली. आम्ही फोन नंबर दिले-घेतले, मी आरशाचे तीन बाजूंनी फोटो काढले, मुलगा त्याच्या आईला सापडला आणि मी कामावर गेले.

थोड्या दिवसांनी पत्र आलं. आरसा, दरवाज्याचा रंग, शिवाय गाडी गॅरेजमध्ये असतानाचं भाडं, असं सगळं मिळून कित्येक शे पौंड मागितले होते. दरवाज्याला माझी सायकल लागलीच नव्हती. मी सभासदांसाठीच्या इन्सिडेंट लाइनवर, म्हणजे अपघात कळवायच्या नंबरवर, फोन केला. पलीकडच्या बाईंनी मला आधी घटना क्रमाने सांगायला लावली, मग शांतपणे सूचना दिल्या: पत्राला परस्पर उत्तर द्यायचं नाही, ‘माझी चूक झाली’ किंवा ‘मी भरते’ असं कुठेही लिहायचं नाही, फोटो आणि पत्र जसंच्या तसं पुढे पाठवायचं, पुढचा पत्रव्यवहार झाला की लगेच कळवायचं. पुढचं उत्तर त्यांच्याकडून गेलं. त्यात गॅरेजचं अंदाजपत्रक आणि दरवाज्याचे फोटो मागितले होते. ते आले नाहीत आणि प्रकरण तिथेच थांबलं.

माझ्या खिशातून एक पेनी गेली नाही, पण विमा कंपनीनेही काही भरलं नाही. अशा किरकोळ नुकसानीत विम्याचा उपयोग बहुतेक वेळा इतकाच होतो. थर्ड पार्टी पॉलिसींमध्ये मालमत्तेच्या नुकसानीसाठी एक्सेस असू शकतो, म्हणजे पहिले अमुक इतके पौंड तुमचे तुम्ही भरायचे. त्यामुळे ओरखडे आणि आरसे यांसाठी हे घेऊ नये. कुणी पादचारी पडला, खुब्याचं हाड मोडलं, कामाला सहा महिने जाता आलं नाही, अशा वेळी लागणारी ही गोष्ट आहे. ती वेळ क्वचित येते. पण आली तर एका पगारावर चालणारं घर त्यातून सावरत नाही.

आता यात काय येत नाही ते सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. सायकलची चोरी यात येत नाही. तुमची स्वतःची मोडलेली सायकलही येत नाही. त्यासाठी वेगळा सायकल विमा काढा, नाहीतर घरसामानाच्या विम्यात ‘घराबाहेर’ची जोड घ्या. एका वस्तूसाठी कमाल किती रक्कम मिळते तेही बघा, कारण महागड्या सायकली त्या मर्यादेच्या बाहेर जातात. चोरीच्या विम्यात कुलपाबद्दल अट असते. कुलपांची मजबुती तपासणाऱ्या ‘सोल्ड सिक्युअर’ची चांदी, सोनं किंवा हिरा यांपैकी कुठली श्रेणी मागितली आहे ते वाचा, आणि कुलपाची पावती जपून ठेवा. सायकलच्या फ्रेमवरचा नंबर आजच फोनमध्ये टिपून ठेवा.

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. ब्रिटनच्या कायद्यात २५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी १५.५ मैलांना मदत बंद आणि पेडल हवेतच, अशी असेल तरच ती सायकल. त्याहून जोरदार किट बसवलं की कायद्याच्या दृष्टीने ते मोटार वाहन होतं. मग नोंदणी आणि मोटारीचा विमा लागतो, सायकल संघटनेचं कार्ड तिथे कामाचं नाही. खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्या मुलांनाही हेच सांगते. पैसे घेऊन केलेली डिलिव्हरी हा धंदा झाला, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. शिवाय स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगीच नाही आणि ही ॲपवरची कामं बहुतेक त्यातच मोडतात. दरवर्षी नव्याने येणाऱ्या मुलांना हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

घरसामानाच्या विम्याकडे वळते. इथल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये ‘पर्सनल लायबिलिटी’ (आपल्यामुळे झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी) नावाचं एक कलम असतं, आणि त्यात मोटार वाहन वगळलेलं असलं तरी सायकल बहुतेक वगळलेली नसते. माझ्या मैत्रिणीकडे अशी पॉलिसी होती आणि तिला पत्ताच नव्हता. आम्ही दोघींनी चहा घेत तिची पीडीएफ चाळली तेव्हा ते कलम शेवटच्या पानांत सापडलं. तिला मी सभासद हो म्हणून आग्रह केला नाही. भाडेकरूलाही असा विमा काढता येतो, मात्र एका घरात चौघं-पाचजण खोल्या वाटून राहत असतील तर कंपन्या जास्त अटी घालतात. नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींची हीच परिस्थिती असते, आणि त्यांच्यासाठी ५० पौंडांचं हे कार्ड मला सगळ्यात सोपं वाटतं.

मग मैत्रिणीकडे जे नाही आणि माझ्याकडे आहे, ते काय? कायद्याची मदत. थर्ड पार्टी विमा तुमच्यामुळे दुसऱ्याला लागलं तर कामाचा. दुसऱ्यामुळे तुम्हाला लागलं तर भरपाई मिळवायला वकील लागतो. आमच्या रविवारच्या राइडला येणाऱ्या एका बाईंच्या वाटेत उभ्या गाडीचं दार उघडलं. मनगट मोडलं. गाडीवाल्याच्या विमा कंपनीने लवकरच एक रक्कम देऊ केली, आणि सुट्टीवर असल्यामुळे त्या घ्यायलाही तयार होत्या. संघटनेमार्फत मिळालेल्या वकिलाने सांगितलं, डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत सही करू नका. मनगटाचं हाड नीट जुळलं नाही, पुढे शस्त्रक्रिया लागली. आधी सही केली असती तर ती सगळी ओढाताण त्यांच्याच माथी आली असती.

वकिलाशी पहिल्याच फोनवर एक गोष्ट विचारून घ्या: माझ्या भरपाईतून तुमचा वाटा किती? ‘जिंकलो तरच फी’ या पद्धतीत २०१३ पासून इंग्लंडमध्ये अपघाताच्या दाव्यात २५ टक्क्यांपर्यंत कापण्याची मुभा आहे. इजेच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. धडक देऊन पळून गेलेल्या किंवा विमा नसलेल्या गाडीसाठी ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’ आहे, हेही फार जणांना माहीत नसतं. आणि दार उघडण्याबद्दल बोलायचं तर २०२२ च्या जानेवारीपासून हायवे कोडमध्येच, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकातच, लिहिलंय: गाडीतून उतरताना दारापासून लांबच्या हाताने दार उघडा, म्हणजे मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. आम्ही मायलेकी आता टॅक्सीतूनही तसंच उतरतो.

विम्यापलीकडचं थोडक्यात. दुकानांच्या सवलती आहेत. मी एकदा पावसाळी जॅकेटवर वापरली आणि वर्गणीतला बराच भाग तिथेच वसूल झाला. मासिक येतं, ते नवराच जास्त वाचतो. संस्थेने २०२० मध्ये आखलेला ‘किंग आल्फ्रेड्स वे’ हा ३५० किलोमीटरचा गोल मार्ग आमच्या रेडिंगमधून जातो. त्याचा एव्हबरीकडचा टप्पा मी केला, आणि त्या खडूच्या पांढऱ्या वाटांवर सांगलीकडचा काळा चिखल आठवत होते. स्थानिक गटाची राइड ही मला सगळ्यात मोठी कमाई वाटते. मराठी बाई म्हणून एकटीने रस्त्यावर उतरताना जी धाकधूक होती, ती मागे-पुढे अनुभवी माणसं असल्यावर गेली. डावीकडे गटारीला चिकटून चालवू नकोस, लेनमध्ये नीट जागा घे, हे मला त्यांनीच शिकवलं.

पर्यायही आहेत. शर्यतींची आवड असेल तर ‘ब्रिटिश सायकलिंग’कडे जा, शर्यतीचा परवाना आणि त्यासोबतचं संरक्षण तिथलं. लंडनमध्ये राहत असाल तर ‘लंडन सायकलिंग कॅम्पेन’च्या सभासदत्वातही थर्ड पार्टी विमा येतो, आणि त्यांचं कामही तुमच्याच रस्त्यांवर चालतं. जर्मनीतल्या वाचकांसाठी ‘एडीएफसी’ ही तशीच संघटना आहे. तिथे बहुतेकांकडे खासगी हाफ्टफ्लिख्ट (लायबिलिटी विमा) असतेच, तेव्हा आधी ती बघा. स्वित्झर्लंडमध्ये तर सायकलवर विम्याचं स्टिकर लावणं सक्तीचं होतं, ते २०१२ पासून बंद झालं. आता तिथेही खासगी लायबिलिटी विमाच उपयोगी पडतो.

मी नूतनीकरण केलं, आणि यंदा कुटुंबाचं घेतलं, कारण लेक आता माध्यमिक शाळेत सायकलने जाते. घरात सगळ्यांच्या फोनमध्ये इन्सिडेंट लाइनचा नंबर आणि सभासद क्रमांक टाकून ठेवलाय. तुम्ही घेतलंत तर कार्ड पाकिटात ठेवून विसरू नका, हे काम त्याच दिवशी करा. अपघात झाल्यावर हात थरथरत असतात, तेव्हा ईमेलमध्ये शोधणं जमत नाही. गाडीचा नंबर, चालकाचं नाव, दोन साक्षीदारांचे फोन, जागेचे फोटो, एवढं तिथल्या तिथे मिळवा. ‘सॉरी’ म्हणायची आपली सवय असते, पण पडलेल्या माणसाची विचारपूस करा आणि चुकीबद्दलचं बोलणं फोनवरच्या माणसासाठी राखून ठेवा.