आघाताची कथा: अविश्वसनीय निवेदक की प्रतिमा?

मनावरचा आघात कथेत मांडायला काय जास्त उपयोगी: अविश्वसनीय निवेदक, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा कथा सांगणारा, की प्रतिमा? शार्लट पर्किन्स गिल्मन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ या कथेत (१८९२) दोन्ही आहेत, माझं झुकतं माप निवेदकाला. पिवळा वॉलपेपर लावलेल्या खोलीत विश्रांतीसाठी ठेवलेली नायिकाच ही कथा सांगते.

प्रतिमा लगेच पकड घेते. वॉलपेपरच्या नक्षीआडून गज हलवणारी बाई म्हणजे कोंडलेली नायिका, हे चटकन कळतं. पण अर्थ एकदा लागला की ताण ओसरतो. मग नवखे लेखक पानोपानी नव्या उपमा पेरतात आणि दुःख सजावटीखाली दबतं. एकच प्रतिमा घ्या, तीच बदलत न्या.

निवेदकाचा परिणाम उशिरा होतो, पण टिकतो. कुरतडलेल्या पलंगाचा दोष नायिका त्या खोलीत आधी राहिलेल्या मुलांवर ढकलते. शेवटी त्याच पलंगाचा तुकडा स्वतःच चावून काढते! भिंतीवरचा खालचा लांब डाग ती आधी नुसता नोंदवते, नंतर त्यात तिचाच खांदा नेमका बसतो. म्हणजे पुरावा खरा, कारण तेवढं चुकीचं. पुरावाच दडवला, तर शेवटचा उलगडा वाचकाला लबाडी वाटतो.