साडेवीस ग्रॅमची जलसंजीवनी

औषधांच्या दुकानातून आणलेले जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, एक लिटरचे पाकीट गेल्या महिन्यात आमच्या घरी दोन कामांसाठी उघडले गेले. घरात जुलाबाचा रुग्ण होता, हे एक. आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली शेजारची मुलगी रसायनशास्त्राला घाबरून माझ्याकडे येत होती, हे दुसरे. रुग्णाला दुसऱ्या दिवशी हुशारी आली. मुलीच्या बाबतीत मात्र पाकिटाने माझी अपेक्षा ओलांडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या पाकिटावर चारच घटक असतात: सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. मीठ पाण्यात पडताच त्याचे आयन सुटे होतात, ग्लुकोजचा रेणू मात्र विरघळूनही अखंड राहतो. आयनिक आणि सहसंयुज बंधांतला हा फरक एका पेल्यात दाखवता आला. ग्रॅमचे मोल (म्हणजे वजनाऐवजी कणांच्या संख्येचे माप) करायला लावल्यावर मुलीच्या लक्षात आले की, एका लिटरमध्ये ग्लुकोज ७५ मिलिमोल आहे आणि मीठ व सायट्रेट या दोहोंतून येणारे सोडिअमही ७५ च आहे. ही बरोबरी योगायोगाची नाही. लहान आतड्याच्या पेशींवरील एक वाहक प्रथिन ग्लुकोजचा रेणू आत घेताना सोडिअमचे आयनही सोबत ओढून घेते आणि त्यांच्यामागून परासरणाने पाणी जाते. कॉलऱ्यात नुसत्या मिठाच्या शोषणाची वाट अडते, तरी ही जोडवाट शाबूत राहते; म्हणून येथील साखर चवीसाठी नाही. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच जोडवाटेच्या भरवशावर क्षार-ग्लुकोजचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजले होते.

सायट्रेटबद्दल मुलीचा प्रश्न नेमका होता: आम्लता कमी करायची, तर थेट खाण्याचा सोडा, म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, का नाही? पूर्वी तोच घालत असत. पण सायट्रेटचे पाकीट अधिक काळ टिकते आणि शरीरात त्याचे बायकार्बोनेटच होते, त्यामुळे जुलाबात आम्लतेकडे झुकलेला रक्ताचा सामू (पीएच) पुन्हा ७.३५ ते ७.४५ च्या पट्ट्यात येण्यास मदत होते. घरच्या मीठ-साखर-पाण्यात हे सायट्रेट नसते आणि पोटॅशिअमही नसते; अडीअडचणीला ते चालते, पण पाकीट मिळत असेल तर पाकीटच घ्यावे.

दोष सांगायचा तर छपाईचा. घटकांची यादी भिंगाशिवाय वाचता येत नाही, मराठीचा एक शब्दही नाही आणि सर्वांत महत्त्वाची सूचना, म्हणजे पाणी किती घ्यावे, ही कोपऱ्यात दडपलेली आहे. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले, तर ज्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, लिटरला २४५ मिलिऑस्मोल असायला हवी, ते रक्तापेक्षा कितीतरी दाट होते आणि आतड्यातून पाणी आत जाण्याऐवजी बाहेर ओढले जाते. चवीवरूनही हे ओळखता येते: द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

दुकानदाराने प्रथम माझ्यापुढे फळांच्या चवीचा तयार डबा ठेवला होता. २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास मनाई केली असली, तरी गिऱ्हाइकाच्या आणि दुकानदाराच्याही तोंडी ते नाव अजून आहे. डबा परत करून पाकीट मागितले, तेव्हा दुकानदाराने ते खालच्या खणातून, धूळ झटकून काढले.