उभी गाडी स्टार्ट होईना: बॅटरी की पेट्रोलचं प्रेशर?

पावसाळ्यात गाडी चार दिवस दारात उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नाटकं सुरू, आणि उद्यमनगरात गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, बॅटरी बदला. थांब की भावा, आधी आवाज ऐक.

सेल्फ कण्हत फिरतोय, डॅशबोर्डचे लाईट मंद होतायत किंवा नुसतंच टकटक, तर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीला मल्टीमीटर लाव, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी मात्र घासून काढ. नवी टाकूनपण आठवड्यात उतरली तर डॅशकॅम नाहीतर बाहेरून बसवलेलं काहीतरी करंट खातंय, मग बॅटरीवर पैसे घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

सेल्फ झक्कास फिरतोय पण इंजिनच लवकर पकडेना, तर मला प्रेशरचा संशय जास्त येतो. टाकीतल्या पेट्रोलच्या पंपातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागं येऊ न देणारी झडप, लीक असला की लाईनीतलं प्रेशर उतरतं आणि ते परत भरेपर्यंत सेल्फ मारत बसायचं. बघायला पैसा लागत नाही, चावी ऑन करायची, मागच्या सीटखाली पंपाची दोन-तीन सेकंद घर्र येते, ती थांबली की ऑफ, परत ऑन, असं दोन-तीनदा करून मग सेल्फ. बटणवाली असेल तर ऑन करताना ब्रेक किंवा क्लच काहीच दाबायचं नाही. लगेच पकडली तर प्रेशरच. पकडताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळत असणार. डिझेलवाल्यांनी ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) बघा, तुमचं गणित वेगळं.