एरंडेल प्यायलेला हिरो आणि द्राक्षबाग: विचर 3 एकदाचा संपवला

स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो, नंतर शिव्या घालू नका.

द विचर 3 हा गेम 2015 चा, आणि मी तो आत्ता कुठे दोन्ही डीएलसींसकट (म्हणजे नंतर आलेले जोड भाग) संपवला, कारण कॉलेजात असताना लॅपटॉप त्या लायकीचा नव्हता आणि नोकरी लागल्यावर वेळ नव्हता. सेलमध्ये कम्प्लीट एडिशन चार जणांच्या मिसळीच्या बिलात मिळाली. एवढ्या पैशात एवढा गेम म्हणजे लूट आहे, नुसती ब्लड अँड वाइन डीएलसीच वीस तास खाते. पैसे वसूल का, तर हो, हा विषय इथेच संपला.

मला बोलायचंय ते गेराल्टबद्दल, म्हणजे या गेमचा हिरो, पैसे घेऊन राक्षस मारणारा 'विचर'. 2024 च्या डिसेंबरमध्ये विचर 4 चा ट्रेलर आला, त्यात मेन कॅरेक्टर त्याची मानलेली मुलगी सिरी निघाली आणि आमच्या ग्रुपवर नुसती बोंबाबोंब. गेराल्ट नाही तर कसला विचर, त्या घोगऱ्या आवाजाशिवाय मजाच नाही वगैरे वगैरे, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने बोंबलणारा मीच होतो. तेव्हा माझा गेम अर्धाच झाला होता ही गोष्ट वेगळी.

गेराल्ट म्हणजे कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. पांढरे केस, पाठीवर दोन तलवारी, कोणी काही विचारलं की आधी "हम्म". लोक म्हणतात विचरांना लहानपणी म्युटेशन करतात म्हणून त्यांना भावनाच नसतात, आणि हा पण लोकांना तसंच वाटू देतो. सुरुवातीला हे जाम भारी वाटतं. ब्लडी बॅरनची ती क्वेस्ट घ्या, दारुडा, बायकोला मारणारा माणूस, बायको आणि पोरगी दोघी घर सोडून गेलेल्या, आणि पोटातच गेलेल्या बाळाचं भूत झालेलं, ते त्याला स्वतःच्या हातात उचलून न्यायचंय. तिथे गेराल्ट फार बोलत नाही म्हणून समोरचा बोलतो. बडबड्या हिरो असता तर त्या सीनची वाट लागली असती. म्हणजे असला सुतकी हिरो चालतच नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही.

पण पहिल्यांदा खेळताना मी त्याला जेवढा सुतकी ठेवता येईल तेवढा ठेवला. गेराल्टचा म्हातारा गुरू वेसेमिर मेल्यावर सिरी खचून बसलेली असते, तिथे मी गपचूप दारू प्यायचा पर्याय घेतला, मला वाटलं कसला मॅच्युअर माणूस आहे. पुढे ती चिडून लॅबची तोडफोड करणार तर मी म्हटलं शांत हो. चेटकिणींच्या मीटिंगला एकटीला कशाला पाठवायचं म्हणून सोबत गेलो. मित्राच्या कबरीवर जाऊया म्हणाली तर म्हटलं आपल्याला वेळ नाही. प्रत्येक वेळी मला वाटत होतं की हेच गेराल्टला शोभतं. आणि शेवट काय, तर सिरी परत आलीच नाही, गेराल्ट एकटाच दलदलीतल्या झोपडीत लॉकेट हातात घेऊन बसलेला आणि बाहेरून राक्षस येतायत. मी रात्री दोन वाजता स्क्रीनकडे बघत बसलो. च्यायला, गेमने मला माझ्याच कूलपणासाठी नापास केलं होतं!

मग चिडून जुन्या सेव्हवर परत गेलो. या वेळी सिरीशी बर्फाचे गोळे फेकून खेळलो, लॅब फोडू दिली, मीटिंगला एकटी जा म्हटलं, कबरीवर पण गेलो, आणि पोरगी वाचली. गेराल्ट तोच, आवाज तोच, फक्त दोन-चार ठिकाणी त्याला बापासारखं वागू दिलं. म्हणजे हा गेम बनवणाऱ्यांनाच माहीत होतं की या माणसाचा तुसडेपणा हे नुसतं साल आहे, आणि अख्खी गोष्ट ते साल सोलण्याची आहे. एकदा सोलून झाल्यावर पुढच्या भागात परत तेच साल चिकटवून आणणार का त्याला? 2007 पासून तीन गेम झाले, बास की.

त्यात ब्लड अँड वाइनमध्ये तर त्याला वायनरी देऊन टाकलीय. तूसाँ म्हणून एक प्रदेश, सगळीकडे द्राक्षं, ऊन, टेकड्या, नाशिकच्या माणसाला गंगापूर धरणाकडे गेल्यासारखंच वाटतं. दिंडोरीचे मामा मे महिन्यात घरी आले होते, द्राक्षबागेची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकून निवांत, ते मागे उभं राहून बघत होते. "मांडव कुठाय? आणि एवढ्या दाटीत डावणी नाही का येणार?" गेममध्ये डावणी-भुरी असले द्राक्षावरचे रोग काही नाहीत म्हटल्यावर म्हणाले, मग मजा आहे त्याची. नंतर विचारलं, "हा म्हातारा असा काय रे, कोणी गेलंय का याच्या घरात?" मी म्हटलं मामा, तो हिरो आहे. "मग आता बाग मिळालीय तर बसू दे की त्याला घरी."

मला त्या वेळी हसू आलं, पण त्या डीएलसीच्या शेवटी जुना मित्र रेजिस म्हणतो की आता आपण विश्रांती घ्यायला हवी, आणि गेराल्ट वळून थेट आपल्याकडे बघतो. ते बघितल्यावर परत त्याच्या हातात तलवार द्यायची इच्छा माझी तरी मेली. नवीन गेममध्ये बाजूला कुठेतरी दिसला, सिरीला दोन शब्द सुनावले, बस.

सिरीबद्दल धाकधूक आहेच. विचर 3 मधले तिचे छोटे पार्ट भन्नाट फास्ट आहेत पण ती तिथे ओव्हरपॉवर्ड आहे, आता तिला पहिल्या लेव्हलपासून कशी चढवणार देव जाणे. आणि ट्रेलरमध्ये ती पण जाम गंभीर, पोशन पिऊन डोळे मांजरासारखे. तिला पण एरंडेल पाजलं तर मग माणूस बदलून फायदा काय.

अरे हो, गेराल्टसाठी येनेफर आणि ट्रिस या दोन्ही चेटकिणींना एकदम पटवायला गेलात तर दोघी मिळून त्याची जिरवतात आणि हातात कोणीच राहत नाही. माझं दोन्ही वेळा तेच झालं, पण त्यामुळे पहिल्यांदा त्या बागेवर पाहुणा म्हणून नुसता कवी मित्र आला होता आणि दुसऱ्यांदा सिरी आली, तेव्हा तक्रार नाही.

घेणार असाल तर, जीटीएक्स 1650 सारखं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेम सुरू करताना लाँचरमध्ये डीएक्स (डायरेक्टएक्स) 11 निवडा, 12 वर माझा लॅपटॉप अडखळत होता आणि मे महिन्यात त्यावर पापड भाजले असते. मराठी-हिंदी सबटायटल नाहीत. स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणारी प्रश्नचिन्हं सोडून द्या, शिडाची बोट हाकत पेट्या गोळा करण्यात माझा एक पूर्ण रविवार गेला आणि मिळालं काय तर भंगार. आणि वेसेमिरनंतर सिरी उदास बसलेली दिसली की गुमान बर्फाचा गोळा फेका.