शवविच्छेदनाचा अवजार-संच: आतड्याची कात्री उत्तम, मेंदूची सुरी अपुरी

संचातली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे आतड्याची कात्री, एन्टेरोटोम. तिच्या लांब पात्याचे टोक गोल आणि बोथट आहे. ते पोकळीत घालून कात्री पुढे ढकलत नेली की आतडे आंत्रबंधाच्या (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) कडेने सरळ उघडत जाते, टोक भिंतीत रुतत नाही. टोकदार कात्रीने हमखास भोके पडतात. मग भोक आधीचे की शवविच्छेदन करताना पडलेले, हे अहवालात सांगणे कठीण होते.

फासळ्यांच्या कातरीला लांब दांडे असल्यामुळे जोर कमी लागतो. तरुण देहात बरगडीची कूर्चा सुरीनेही कापता येते, वयस्कांत ती हाडासारखी कडक होते, तिथे ही कातर लागतेच. कापलेली टोके मात्र ओल्या फडक्याने झाकावीत, हातमोजे तिथेच फाटतात.

दातेरी चिमटे मजबूत आहेत, पण त्यांनी देहातली बंदुकीची गोळी काढू नये. धातूचा ओरखडा उठला की गोळीवरच्या बंदुकीच्या नळीच्या खुणा बिघडतात. त्यासाठी रबरी टोकाचा चिमटा हवा होता, तो संचात नाही.

विजेच्या करवतीचे पाते फिरत नाही, बारीक मागेपुढे हलते, म्हणून मऊ ऊती सहसा कापल्या जात नाहीत. धोका आहे तो हाडाच्या भुकटीचा: क्षयाचे जंतू तिच्यासोबत हवेत जाऊ शकतात. धूळ ओढणारी नळी संचासोबत नसणे ही गंभीर उणीव आहे. ती वेगळी घ्यावी आणि एन-९५ मास्क घालूनच करवत चालवावी. छिन्नी-हातोडी दिली आहे, पण डोक्याला मार असल्याचा संशय असेल तर ती बाजूला ठेवावी. ठोक्याने नवा तडा जातो किंवा जुना वाढतो. अशा वेळी कवटी पूर्ण करवतीनेच कापावी, मेंदूच्या आवरणाला पाते लागू न देता.

मेंदूची सुरी जेमतेम २० सेंटिमीटर आहे. १० टक्के फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) सुमारे दोन आठवडे घट्ट झालेल्या मेंदूचे १ सेंटिमीटर जाडीचे काप एकाच ओढीत निघायला हवेत. आखूड पाते पुढेमागे घासावे लागते, कापावर पायऱ्या उमटतात आणि बारीक रक्तस्राव त्यांत हरवतो. ३० सेंटिमीटरची सुरी स्वतंत्र घ्या.

धुताना कात्र्यांचे सांधे उघडे ठेवा, रक्त तिथे वाळते. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) फार वेळ बुडवू नका, स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात.