सातशे किलोमीटरवरून आणलेली जुनी होंडा जॅझ: दीड वर्षानंतर

नागपुरात पाहिलेल्या पहिल्या जॅझचा मागचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढला, तेव्हा एरवी आत गुंडाळलेल्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ निघाली. गाडी धुतलेली, पुसलेली, आत अत्तराची बाटली लटकवलेली. विकणारा म्हणाला, "मॅडम, पावसात काच उघडी राहिली असेल." मी पट्टा सोडला आणि घरी आले. ती रेघ माझ्या ओळखीची होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, आणि आमची वॅगन आर फाटकाच्या आत उभ्या जागी बुडाली. पाणी उतरल्यावर तिच्या पट्ट्यांवर अशीच रेघ होती.

विमा कंपनीने ती टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरली. तेरा वर्षांच्या गाडीचे असे किती मिळणार? त्यात साठवलेले घालून बजेट बसलं दोन लाख चाळीस हजार, आणि त्यात मला जॅझच हवी होती.

का, ते सांगते, कारण पुढची सगळी धावपळ त्यासाठीच आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, वॉकर कायमचा. आमच्या शाळेतल्या एका मॅडमकडे जुनी जॅझ आहे, तिच्यातून एकदा आईला दवाखान्यात नेलं. या गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते आणि खाली सरळ जमीन मिळते. सीट दोन भागांत आहे. एका बाजूला आई बसली, दुसऱ्या बाजूची बैठक उचलून वॉकर उभाच ठेवला. तो घडी करायचा नाही, डिकी उघडायची नाही, आई उतरेपर्यंत तिला दाराला धरून ताटकळत ठेवायचं नाही. बैठकही अशा उंचीवर की खाली वाकून बुडावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही. आई त्या दिवशी मॅडमना म्हणाली, "पहिल्यांदा कोणी धरलं नाही मला." त्यानंतर मी दुसरी गाडी पाहिलीच नाही.

अडचण अशी की जॅझचं हे पहिलं मॉडेल आपल्याकडे २००९ मध्ये आलं तेव्हा छोट्या गाडीला सात लाखांच्या घरात किंमत होती. २०११ मध्ये होंडाने ती बरीच उतरवली, पण तोवर लोकांचं मत झालं होतं. २०१३ च्या सुमारास ते मॉडेल बंद झालं. त्यामुळे नागपुरात विकायला निघालेल्या मोजक्याच, आणि पुरानंतर इथली प्रत्येक गाडी पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न: ही त्या पहाटे कुठे उभी होती?

म्हणून बाहेर बघायला लागले. हैदराबाद सगळ्यात जवळचं महानगर, पाचशे किलोमीटर. तिथे एक चांगली दिसतही होती, पण दुसऱ्या राज्यातली गाडी कायमची इथे आणली की ना-हरकत दाखला घ्या, एमएच नंबरसाठी अर्ज करा आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा भरा. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी माझ्या बजेटला झेपणारा नव्हता. राज्यातल्या राज्यात आणली तर नंबर तोच राहतो, कर पुन्हा नाही. तेव्हा महाराष्ट्राबाहेर जायचं नाही, हे घरी बसूनच ठरलं.

पहिली फेरी फुकट गेली. मुंबईजवळच्या खाडीकाठच्या एका उपनगरातली २०११ ची गाडी, एका विक्रेत्याकडे. फोटो चाळीस. फोनवर बोलणं इतकं गोड की मी दुरांतोचं तिकीट काढून मोकळी. वरून गाडी खरंच देखणी होती. खाली वाकून पाहिलं तर सगळीकडे ताजा काळा लेप. बारा वर्षांच्या गाडीला महिनाभरापूर्वी लेप कोण लावतं? दाराखालच्या पट्टीवर नाणं वाजवत गेले. एका ठिकाणी आवाज बदलला, जोरात दाबलं तर पत्रा आत गेला. खारी हवा आणि गंज, वरून रंग.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं आहे. तो पत्रा दबल्यानंतरही मी अर्धा तास तिथेच उभी होते. मनात हिशेब चालू: वेल्डिंगला किती लागतील, किंमत वीस हजारांनी उतरवतील का, रजा दोन दिवसांची टाकली आहे, आईला सांगून आले आहे की गाडी घेऊनच येते. रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसाची नजर मऊ होते. हीच गाडी नागपूरच्या वर्धा रोडवर असती तर मी पाच मिनिटांत निघाले असते. शेवटी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेसने परत आले. जाण्यायेण्याचे, जेवणाखाण्याचे मिळून ३,६०० रुपये गेले. ते मी वाया गेले असं मानत नाही.

परत आल्यावर आमच्या मिस्त्रींकडे गेले. वीस वर्षं आमच्या गाड्या तेच पाहतात. ते म्हणाले, "ताई, फोटोत तं सगळ्याच गाड्या नव्या दिसतात. कोणत्या गोष्टीवर वापस यायचं, ते घरूनच लिहून न्या. तिथं जाऊन ठरवाल तं फसाल." आणि मग म्हणाले, "अन् आधी तिथला कोणी मिस्त्री पाठवा. तुम्ही कायले जाता?"

मग तसंच केलं. कागदावर लिहिलं: पट्ट्यावर किंवा गालिच्याखाली चिखल, सांगाड्याला गंज किंवा वेल्डिंग, चेसिस नंबर आणि आरसीत फरक, इंजिन तापणं. यातलं एकही निघालं तर किंमत न विचारता परत.

दुसरी गाडी पुण्यात कोथरूडला. मार्च २०१२ ची नोंदणी, एकच मालक, निवृत्त काका, ६१,००० किलोमीटर. सहकाऱ्याच्या ओळखीने पुण्यातला एक गॅरेजवाला १,२०० रुपयांत गाडी पाहायला तयार झाला. गाडी विकली गेली काय आणि न गेली काय, त्याला काही फरक पडणार नव्हता, म्हणून मला त्याच्यावर विश्वास ठेवता आला. काकांना आदल्या रात्री विनंती केली की सकाळी तो येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन थंड असताना पहिली स्टार्ट कशी होते, धूर येतो का, आवाज येतो का, हे तेव्हाच कळतं. त्याने व्हिडिओ कॉल लावला, इकडे आमचे मिस्त्री माझ्या शेजारी. ऑइलची पट्टी, कूलंट, चाकांच्या आतल्या बाजू, स्टेपनीखालची जागा, सगळं दाखवलं. पट्टे चारही ओढले, कोरे निघाले. दोष तीन सांगितले: पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेत, डावं मागचं दार पुन्हा रंगवलंय, टायर जुने.

टायरचं बघायला सोपं आहे. बाजूवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीवर १४१७ होते, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबराचं वय सात वर्षं. ते टायर घेऊन समृद्धीच्या काँक्रीटवर चारशे किलोमीटर जायचं नाही, हे मिस्त्रींनी बजावलं.

आरसीवर कर्जाची नोंद नाही, थकीत चलान नाही, एवढं ऑनलाइन पाहिलं. होंडाच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलचंही तपासलं. त्या काळातल्या जॅझ त्यात येतात आणि एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो. या गाडीचं काम झालेलं होतं. एवढं झाल्यावर पाच हजार टोकन पाठवलं आणि गरीबरथने पुण्याला गेले. या वेळी गाडीत झोप लागली.

काकांनी बारा वर्षांच्या सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये लावलेली, आणि शंभर पानी वहीत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल. किंमत २ लाख २८ हजार होती, बुश आणि टायरचे धरून २ लाख १२ हजारांवर आली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, ना-हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८ चा अर्ज काकांनी माझ्यासमोर भरला. चार टायर तिथेच टाकले, एकोणीस हजार. नगर, छत्रपती संभाजीनगर करत सावंगीला समृद्धीवर चढले. वेगमर्यादा १२० ची आहे, मी नव्वदीच्या वर गेले नाही. दर तासाभराने थांबून तापमान आणि टायर पाहत आले. नागपूरजवळ शिवमडक्याला उतरले तेव्हा रात्रीचे साडेनऊ. गिरीपेठच्या आरटीओत मालकी बदलायला दोन चकरा झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता गाडीचं. बाराशे सीसीचं इंजिन अजून शिवणयंत्रासारखं चालतं. टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. शहरात तेरा, महामार्गावर सतरा-अठराचं मायलेज. काचा मोठ्या, त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीतही चहूकडचं दिसतं. पण इंजिन हळू फिरत असताना ओढ कमी आहे. एसी लावून चार माणसं बसली की पुलाच्या चढावर दुसरा गियर टाकावाच लागतो.

आणि एसी. इथे मी चुकले. फेब्रुवारीत पुण्यात एसी लावून पाहिला, गार वाटला, खूण केली. त्या एसीने बारा वर्षांत नागपूरचा मे पाहिलाच नव्हता. पारा ४४ वर गेल्यावर दुपारी दोनला गाडीत नुसता वारा. मागे वेगळे एसीचे झरोके नाहीत, आणि आई मागेच बसते. तिला तीन आठवडे सकाळी आठच्या आत किंवा रात्रीच बाहेर नेता आलं. कंडेन्सर, गॅस आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार लागले. पुण्याची गाडी घेणाऱ्या प्रत्येक वैदर्भीयाला माझं हेच सांगणं आहे की हा खर्च किमतीतच धरा, आणि रेडिएटरही उघडून स्वच्छ करून घ्या. त्याच गाडीचा पत्रा मात्र खालून अजून कोरा आहे, डॅशबोर्डला एक तडा नाही. इथे उन्हात बारा वर्षं उभी राहिलेली गाडी असती तर प्लास्टिक केव्हाच तडकलं असतं.

मार्च २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. मग आरटीओत तपासणी, फेरनोंदणीची फी, पर्यावरण कर आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं. हे पैसे मी आत्तापासून बाजूला टाकते आहे. तुम्ही २०१० ची पाहत असाल तर तिची फेरनोंदणी कुठवर आहे, ते किंमत बोलण्याआधी विचारा.

एवढं होऊन मी पुन्हा गेले असते का? या गाडीसाठी, हो. जी गाडी तुमच्या शहरात मिळते, तिच्यासाठी नाही. मागच्या रविवारी आईला तेलंगखेडीला नेलं. वॉकर शेजारी उभा, तिचा हात त्यावर. उतरताना मी दार उघडेपर्यंत ती स्वतःच बाहेर पाय ठेवून बसली होती.

शाळेतल्या एका शिक्षकांचा भाचा आता कोल्हापूरची एक गाडी पाहतो आहे. तिकीट काढायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिथे पूर आला तेव्हा ती गाडी कुठे उभी होती, ते आधी फोनवर विचार, आणि मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून व्हिडिओ मागव.